कालकथित, जोडून लिहा

आमच्याकडे माणूस गेला की तासाभरात नाक्यावर त्याचा बॅनर लागतो. लागू दे, माझं काही म्हणणं नाही. पण त्या बॅनरवर वरच्या ओळीत चार नेते हात जोडून उभे, डावीकडे एक भाऊ, उजवीकडे एक दादा, खाली गॉगल घातलेले अकरा शोकाकुल, आणि या सगळ्या गर्दीत जो गेला तो बिचारा पासपोर्ट साइझचा. रिक्षा थांबली की आतली माणसं एकमेकांना विचारतात, "यातला गेला कोण?" मरूनसुद्धा माणसाला पहिला नंबर मिळत नाही. याची मला तेव्हा चीड होती, आजही आहे.

अंबरनाथला आम्ही पाचजण मिळून पत्रकं काढायचो. रस्ता, गटार, बायकांसाठी मुतारी, जे टोचेल त्यावर. बॅनरवरच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं: "नागरिकहो, तुमच्या मरणावरही कुणीतरी स्वतःची जाहिरात करणार आहे!" वाक्यावर मी इतकी खूश होते की हे पत्रक छापायला आपण कुठे चाललोय याचं भान राहिलं नाही. आम्ही ते उल्हासनगरला त्याच दुकानात दिलं, जिथे हे सगळे बॅनर व्हायचे. तासाभरात काम करून देणारा तोच एक होता.

दुकानदार सिंधी, पन्नाशीचा, मशीनही तोच चालवायचा आणि कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायलाही तोच बसायचा. बाई असो, बुवा असो, सगळ्यांना 'साईं' म्हणायचा. मराठी झकास बोलायचा, फक्त 'तो, ती, ते' त्याच्या मर्जीनं लावायचा. आमचं पत्रक टाइप करता करता त्यानं पूर्ण वाचलं आणि मान डोलावली.

"एकदम करेक्ट लिहिलाय साईं. लोकांना अक्कल नाय. फक्त खाली एक लाइन टाकू का? 'बॅनरसाठी भेटा' आणि आपला नंबर?"

मी त्याच्यावर ओरडले. तो हसला आणि चहा सांगायला बाहेर गेला. मी त्याच्या खुर्चीत बसून प्रूफ तपासायला घेतलं. आमची फाइल सापडेना, म्हणून शोधता शोधता एक फोल्डर उघडला. नाव होतं 'तयार ठेवा'.

आत तीसेक बॅनर. सगळ्यांवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पहिल्याच फाइलमधले गृहस्थ मी ओळखले, आमच्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. महिन्यापूर्वी वारले होते. बॅनर मी पाहिला होता, त्यात नेते मोठे आणि सर लहान म्हणून चिडलेही होते. सहज फाइलची तारीख पाहिली. सर गेले त्याच्या चार दिवस आधीची.

मी दुसरी फाइल उघडली. या बाई परवा भाजी घेताना भेटल्या होत्या. मेथी महाग झाली म्हणून भांडत होत्या, इतक्या जिवंत.

दुकानदार चहा घेऊन आला. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. तो जराही दचकला नाही.

"अरे, हे तर रोजचं आहे. पेशंट हॉस्पिटलमध्ये गेला की पोरं फोन करतात, साईं, तयार ठेवा. माणूस गेल्यावर एका तासात बॅनर लागला पाहिजे. नायतर दुसऱ्या गटाचा लागतो, मग यांची इज्जत जाते."

"आणि पेशंट बरा झाला तर?"

"तर काय, नशीब! एक आजी अशीच वापस आली. तिच्या फोटोचा मी हार काढला, फुगे लावले, वाढदिवसाला चालवला. फोटो छान होता ना."

मला खरं तर तिथेच तावातावानं भाषण द्यायला हवं होतं. पण अंगावर काटा आला होता, आणि तो काटा, खरं सांगते, आनंदाचा होता. पत्रक कुणी वाचत नाही. लोक त्यात वडापाव गुंडाळतात. पण कादंबरी? काळीकुट्ट, रहस्यमय, पानापानावर मुडदा? एका गावात एक फोल्डर आहे, त्यात ज्याचा फोटो जातो तो चार दिवसांत मरतो. घरी जाताना मी वही विकत घेतली.

त्या कादंबरीचा पहिला वाचक माझा मामा. मला पत्रक लिहायला त्यानंच शिकवलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता, निवृत्त झाल्यावर बदलापूरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बुद्धविहाराच्या फळ्यावर सुविचार आणि सूचना तोच लिहायचा. खिशात कायम लाल पेन. कुणाची लग्नपत्रिका आली की हा दुरुस्त्या करून ती परत पाठवायचा. दोन नातेवाइकांनी त्यावरून बोलणं सोडलं होतं. त्याला त्याचं काही नव्हतं. "ऱ्हस्वदीर्घ सांभाळता येत नाही, ते संसार काय सांभाळणार?"

पण सगळ्यात जास्त तो एका अक्षरावर खवळायचा. 'कै.' आमच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. आजोबा वारले तेव्हा कुणीतरी सवयीनं छापून आणलं, 'कै.' म्हणजे कैलासवासी. मामा तेव्हा तरुण होता. "बाप जन्मभर देवाच्या दारात गेला नाही, आणि या लोकांनी त्याला न विचारता डोंगरावर नेऊन बसवला," असं तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकवायचा.

मी त्याला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"मुडदा पाचव्या पानावर येतोय. पहिल्या पानावर आण. पत्रकासारखं. पहिलं वाक्य कानाखाली बसलं पाहिजे."

"आणखी?"

"हे दुकान खरंच आहे?"

"आहे ना. उल्हासनगरला."

"फोटो आपला आपण दिला तर चालतो? आणि प्रूफ दाखवतो का तो?"

मला वाटलं, मामा माझ्या कादंबरीत रंगलाय. किती बारीक प्रश्न विचारतोय! मी दुकानाचा पत्ता, वेळ, दुकानदाराचा स्वभाव, सगळं हौसेनं सांगितलं. खुन्याला घरचा नकाशा काढून द्यावा तसं.

दोन आठवड्यांनी मी पुढच्या पत्रकासाठी दुकानात गेले. दुकानदार मशीनवर होता. मी सवयीनं 'तयार ठेवा' उघडला, कादंबरीसाठी नवा माल बघायला. शेवटच्या फाइलमध्ये मामा होता.

पांढरा शर्ट, खिशाला पेन, नात्यातल्या एका लग्नातला फोटो. मागे ना नेता, ना कार्यकर्ता, ना हार. एकटा मामा, अख्ख्या बॅनरभर. वर लिहिलं होतं 'काल कथित', मध्ये चांगली बोटभर जागा सोडून.

कादंबरीत अशा वेळी माझी नायिका किंचाळायची. मी किंचाळले नाही. दुकानदाराचा हात धरून त्याला स्क्रीनसमोर ओढला. "कुणी दिली ही ऑर्डर? कुठल्या गटाचा होता? बोला!"

"गट? अरे स्वतःच आला होता काका. तीन वेळा. तीस वर्षांत पहिला गिऱ्हाईक बघितला जो प्रूफ वाचून गेला." मग तो माझ्याकडे झुकला. "साईं, तू शिकलेली आहे, मला सांग. काल म्हणजे यस्टरडे. कथित म्हणजे ते पेपरात येतो ना, कथित घोटाळा, म्हणजे झाला की नाय झाला कोणाला माहीत नाय. तर काल, कथित म्हणजे काय? काल मेला असं लोक बोलतात, पण पक्का नाय?"

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. त्यानं ड्रॉवरमधून मामाच्या हातची प्रूफं काढली. लाल शाई सगळीकडे. पहिल्या प्रूफात 'कै.' इतकं जोरात खोडलं होतं की कागद फाटला होता. 'श्रद्धांजली' खोडून 'आदरांजली'. 'दुःखद निधन' मधला 'दुःखद' काढून समासात टीप, 'दुःखद की कसं ते वाचणाऱ्यानं ठरवावं'. दुकानदारानं मान द्यायचा म्हणून कुठे 'परिनिर्वाण' टाकलं होतं, त्यावर काट आणि शेजारी, 'ते मोठ्या माणसांचं. मी फिटर होतो.' आणि दुसऱ्या, तिसऱ्या, दोन्ही प्रूफांवर तीच सूचना: 'कालकथित, जोडून लिहा.'

मी तडक बदलापूर गाठलं. मामी स्वयंपाकघरात होती. मामा गॅलरीत वाटाणे सोलत बसला होता. मी त्याच्या समोर प्रूफ धरलं.

"हे काय आहे, मामा?"

त्यानं आधी आत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे. "हळू बोल. मामीला ठाऊक नाही."

"काय ठाऊक नाही?"

"तीन ब्लॉक आहेत. डॉक्टर म्हणतो बायपास कर, लगेच. मी म्हटलं नाही करणार."

"का?"

तो वाटाण्याची शेंग बोटात फिरवत राहिला. "छत्तीस वर्षं मशीन उघडली मी. एक गोष्ट सांगतो, लिहून ठेव. चालू मशीन एकदा उघडली की परत तशी बसत नाही. कितीही नीट जोड, एखादा स्क्रू उरतोच. आपण तो गुपचूप खिशात टाकतो. आता माझ्यातला स्क्रू कुणाच्या खिशात जाणार?"

"अरे पण डॉक्टर म्हणजे काय फिटर आहे का!"

"तेच तर. फिटर असता तर विश्वास ठेवला असता."

मी अर्धा तास भांडले. सगळी पत्रकी हत्यारं काढली: विज्ञान, विवेक, कुटुंबाप्रती जबाबदारी. ज्या माणसानं मला ती दिली त्याच्यावर ती काय चालणार? तो शांतपणे वाटाणे सोलत होता. त्याचं ठरलं होतं. ऑपरेशनऐवजी त्यानं बॅनर करून घेतला होता, आणि त्यात एकही चूक राहू नये एवढीच त्याची इच्छा उरली होती. "चौथं प्रूफ तू बघ," म्हणाला. "तो सिंधी चांगला आहे, पण जोडाक्षराला घाबरतो."

जिना उतरताना राग इतका चढला की मला उपाय सुचला. उपाय नीच होता. मी तो केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर हजर. दुकानदाराला म्हटलं, मामाचा बॅनर नव्यानं करा, मी सांगते तसा. वर पाच नेते, जमतील तेवढे मोठे. मागे बर्फाचा डोंगर. दोन समया. मामा खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ. नावाआधी 'कै.' आणि त्याच्याही आधी 'स्वर्गीय', दोन्ही. आणि तळाला ठळक अक्षरात, 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो.'

"साईं, काका बघेल तर मरून जाईल."

"बघू दे. आणि 'चिरशांती' मधला 'चि' दीर्घ करा."

हे शेवटचं म्हणजे शुद्ध क्रूरपणा होता, मान्य. मी तो मामाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं: "ऑपरेशन केलं नाहीस तर तू गेल्यावर हाच लागेल. सगळ्या नाक्यांवर. मी स्वतः लावणार. तू काही थांबवायला येणार नाहीस."

एक गोष्ट मला जन्मापासून माहीत होती आणि त्या क्षणी मी ती विसरले. मामाचा चष्मा सकाळी कधीच सापडत नाही. सकाळचे मेसेज त्याला मामी वाचून दाखवते.

दहा मिनिटांनी फोन आला. मामीचा. "ये इकडे." एवढंच.

मी पोचले तेव्हा मामा खुर्चीत मान खाली घालून बसला होता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. मामीच्या हातात फोन. ती रडत नव्हती. मला वाटलं, आता मला एक थोबाडीत बसणार, आणि बसली तर बरंच होईल. पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं मामाकडून खऱ्या बॅनरचं प्रूफ मागून घेतलं होतं, ते टेबलावर पसरलेलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"माझं नाव कुठाय यात?"

मामा घसा खाकरून म्हणाला, "शोकाकुलांची यादीच घेतली नाही गं. कुणाचं राहिलं की भांडणं होतात."

"मी यादीत आहे होय?"

मामा प्रूफाची कड सरळ करायला लागला.

"या फोटोतल्या शर्टालासुद्धा इस्त्री मी केली. आणि मरायचं ठरवलंत तर त्या छापखानेवाल्याला सांगितलंत, या पोरीला सांगितलंत. चांगले तीन वेळा जाऊन आलात. मला म्हणालात, विहारात मीटिंग आहे."

"तुला त्रास नको म्हणून..."

"अहो, त्रास होणार आहेच ना! आता होईल नाहीतर मग होईल. माझ्या त्रासाचं तुम्ही एकट्यानं ठरवायचं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू. तो डोंगर आधी पुसून टाक माझ्या फोनमधून."

"फोन मामाचा आहे, मामी."

"पुस म्हटलं ना!"

मी पुसला. मामा हळूच म्हणाला, "चिरशांतीचा 'चि' ऱ्हस्व असतो." मामीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पंधरा मिनिटांनी त्यानं स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. चष्मा नव्हता, तर नंबर मामीनं वाचून दिला.

हॉस्पिटलमध्ये संमतीपत्र आलं. तुम्ही कधी वाचलंय ते? आमच्या कादंबरीवाल्यांनी त्याच्यापुढे हात टेकावेत. साध्या सरळ मराठीत, तुमच्या सहीसाठी जागा सोडून, तुम्ही कसे कसे मरू शकता ते सगळं लिहिलेलं असतं. आणि तळाला: 'वरील सर्व मला समजले आहे.' मामानं उशीखालून लाल पेन काढलं.

तरुण डॉक्टरीण पाच मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली, "काका, सही करायला दिलंय ते. तपासायला नाही."

"'गुंतागूंत' मध्ये दुसरा 'गु' दीर्घ केलाय तुम्ही."

"बरोबर. मीच लहानपणापासून चुकते तिथे."

बाई प्रामाणिक आहे हे पाहून मामानं पेन खाली ठेवलं. "एक विचारू? उघडल्यावर बंद करताना तुमच्याकडे काही उरतं का?"

मी कपाळाला हात लावला. पण ती हसली नाही. "आधी सगळं मोजतो, काका. कात्री, चिमटे, गॉज, सुया. आणि बंद करायच्या आधी परत मोजतो. दोघीजणी मोठ्यानं मोजतात. आकडा जुळला नाही तर बंदच करत नाही."

"लिहून ठेवता?"

"फळ्यावर."

मामानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "आमच्याकडे नव्हतं असं," म्हणाला. मग सही केली, पूर्ण नाव, वेलांट्यांसकट.

ऑपरेशनच्या दिवशी मामीनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही. आईनं डबा दिला होता, तो तिच्या मांडीवर तसाच. लोक येत होते, 'जयभीम' घालून बाकावर बसत होते, दोन शब्द बोलून जात होते. आमच्या विहाराच्या एका काकांनी चुकून "काही लागलं तर तयार आहोत" असं म्हटलं, आणि 'तयार' या शब्दानं माझ्यासमोर तो फोल्डर उघडला. मला तेव्हा समजलं की मी त्या फोल्डरमध्ये इतके दिवस लोकांचे असे बाक बघत होते, असे डबे, आणि त्यातून मला पानापानावर मुडदे दिसत होते. लाज वाटली. कादंबरी वाईट नव्हती, मी मात्र त्या आठवड्यांत जरा वाईट झाले होते.

संध्याकाळी डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली की झालं, नीट झालं, पण शुद्धीवर यायला उद्या सकाळ होईल, नळी काढल्यावर कळेल. मामीनं मान हलवली. डबा उघडला नाही. आईनं आग्रह केला तर म्हणाली, "उघडते ना. घाई काय आहे?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आतून नर्स आली. मोठ्यानं विचारलं, "पेशंटचे नातेवाईक?" मामी उभी राहिली. पदर सारखा केला. तिचा हात माझ्या दंडावर होता, आणि त्या हातात किती जोर आहे ते मला दोन दिवस निळ्या वळांवरून दिसत होतं.

"शुद्धीवर आलेत," नर्स म्हणाली. "पण जरा समजवा त्यांना. भांडतायत."

"कुणाशी?"

"माझ्याशी. पलंगाच्या पाटीवर त्यांचं आडनाव चुकीचं लिहिलंय म्हणे. घसा बसलाय, आवाज फुटत नाही, तरी खुणा करून पेन मागतायत."

मामीनं माझा दंड सोडला. मग बाकावर बसली, डबा उघडला, कालची चपाती आणि वाटाण्याची भाजी. भाजी आंबली होती. मी म्हटलं, मामी, टाक ते, खाली जाऊन गरम काहीतरी आणते.

"राहू दे," ती म्हणाली, आणि कोरडीच चपाती मोडून खायला लागली.